डिझेलचा हिशेब मागता, मग हवेचा हिशेब कोण देणार?

इंजिनाने काळा धूर ओकला की पहिले बोट कोणाकडे जाते? लोको पायलटकडे. तो सुटला तर शेडमधल्या फिटरकडे. मेल मोटरच्या गाडीने चढावर धुराचा लोट सोडला की ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हर सुटला तर वर्कशॉपमधल्या मेकॅनिककडे. रेल्वेत एसएफ-११ हातात पडतो, टपालात नियम १६ खाली मेमो येतो. डिझेल जास्त का जळाले, धूर का आला, दहा दिवसांत लेखी खुलासा करा! खुलासा मागणारे साहेब डिझेलचा लिटर न् लिटर मोजतात. पण ते डिझेल जाळण्यासाठी जी हवा लागते ती इंजिनाला मिळाली की नाही, हा प्रश्न त्या कागदावर कधीच नसतो.

आमचे म्हणणे साधे आहे. डिझेलचा हिशेब जरूर मागा. सरकारी पैशाची उधळपट्टी व्हावी असे कामगाराला कधीही वाटत नाही. परंतु हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. एका बाजूला डिझेल लिहायचे आणि दुसऱ्या बाजूचे हवेचे पान कोरे ठेवायचे, आणि त्या कोऱ्या पानाची तूट कामगाराच्या नावावर मांडायची, हा हिशेब नव्हे. ही चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची रीत आहे.

एक लिटर डिझेल, दहा हजार लिटर हवा

एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. हे आम्ही सांगत नाही, रसायनशास्त्र सांगते. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम धरा. म्हणजे एका लिटरला सुमारे १२ किलो हवा झाली, आणि १२ किलो हवा म्हणजे जवळजवळ १० घनमीटर, दहा हजार लिटर! हीसुद्धा कमीत कमी. डिझेल इंजिनात हवा आणि इंधन एकमेकांत मिसळायला क्षणाचाही अवधी मिळत नाही, म्हणून धूर न होता जळायचे तर हवा याहून बरीच जास्त लागते.

ज्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांवर आपल्या दोन पिढ्यांनी नोकरी केली, त्याचेच उदाहरण घ्या. १६ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास २२८ मिलिमीटर, स्ट्रोक २६७ मिलिमीटर. सगळे मिळून सुमारे १७५ लिटर जागा झाली. मिनिटाला १००० फेऱ्या झाल्या की चार स्ट्रोकच्या हिशेबाने प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ५०० वेळा हवा भरतो. नुसती साधी हवा भरली असती तरी मिनिटाला ८७ हजार लिटर झाली. टर्बो ती हवा दाबून भरतो, म्हणून प्रत्यक्षात बाहेरून ओढली जाणारी हवा याहून कितीतरी अधिक. आणि एवढी सगळी हवा ज्या जाळ्यांतून, फिल्टरांतून, पाइपांतून जाते, त्यांची निगा मात्र सर्वांत शेवटचे काम समजली जाते.

हवा कमी पडली की काय होते? डिझेल अर्धवट जळते. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी होते आणि ती धुराड्यातून बाहेर पडते. म्हणजे काळा धूर हे जळू न शकलेले डिझेल आहे. ड्रायव्हरने चोरलेले नाही, फिटरने सांडलेले नाही. हवेअभावी वाया गेलेले आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पेट्रोलची चाल निराळी, डिझेलची निराळी

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते, तिला थ्रॉटल म्हणतात. पायाखाली रेस दाबली की ही झडप उघडते, हवा आत जाते आणि त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल मिळते. तिथे माणूस हवेवर हुकूम चालवतो, पेट्रोल मागून येते.

डिझेलचे उलटे आहे. ताकद कमी-जास्त करण्यासाठी तिथे हवेवर झडप नाही. लोको पायलटने नॉच वाढवली की गव्हर्नर पंपाचे रॅक सरकवतो आणि डिझेल वाढते. डिझेल क्षणात वाढते. हवा मात्र क्षणात वाढत नाही. कारण हवा देणारा टर्बो चालतो धुराच्या जोरावर. आधी जास्त डिझेल जळले पाहिजे, मग गरम धूर जोराने निघाला पाहिजे, त्याने टर्बाइन फिरले पाहिजे, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर फिरला पाहिजे, तेव्हा कुठे जादा हवा सिलिंडरात पोचते. यात काही सेकंद जातात. तेवढे सेकंद इंजिन काळे ओकते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरने धुराच्या शक्तीवर हवा दाबण्याच्या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. तेव्हापासून आजपर्यंत साऱ्या जगातले इंजिनिअर हवेचा हा उशीर कमी करण्यासाठी झटत आहेत. आणि इकडे साहेबांना वाटते की तो उशीर आमच्या लोको पायलटने केला!

त्यावर उपाय नाहीत असेही नाही. बूस्टरचा दाब वाढेपर्यंत डिझेल रोखून धरण्याची सोय गव्हर्नरमध्ये करता येते. डब्ल्यूडीजी-४ जातीच्या इंजिनांत टर्बो कमी लोडवर गिअरने फिरवला जातो, आणि धुराला पुरेसा जोर आला की क्लच सुटून तो धुरावर चालतो. ते इंजिन दोन स्ट्रोकचे आहे, त्याला स्वतः हवा ओढताच येत नाही, म्हणून बनवणाऱ्यांनी हा खर्च केला. अल्कोच्या त्याच १६ सिलिंडरांतून पूर्वी २६०० अश्वशक्ती मिळत होती. पुढे टर्बो, आफ्टरकूलर आणि इंधनपंप सुधारून ३१०० मिळाली. सिलिंडर वाढले नाहीत, हवा वाढली. कारखान्याच्या पातळीवर हवेचे मोल सर्वांना समजते. शेडच्या पातळीवर आले की ते विसरले जाते.

हवेची वाट कुठे अडते?

आता ही हवा इंजिनात पोचेपर्यंत कुठे कुठे अडते ते पाहा, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा की हे कोणाच्या हातात आहे.

बाहेरच्या जाळ्या आणि फिल्टर धुळीने बुजले, तर टर्बो ओढतो पण हवा येत नाही. फिल्टर वेळेवर मागवणे कोणाच्या हातात? टर्बोच्या नोझल रिंगवर काजळी धरली, तर टर्बाइन मंद होते. ते उघडून साफ करायला इंजिन थांबवणे कोणाच्या हातात? धुराच्या पाइपाचे बेलोज फुटले किंवा गॅस्केट उडाले, तर धुराचा जोर वाटेतच निसटतो आणि टर्बोला पोचत नाही. आफ्टरकूलर आतून चोंदला, तर दाबून गरम झालेली हवा थंड होत नाही. गरम हवा विरळ असते. साधे गणित असे की २० अंशांची हवा ४५ अंशांवर गेली तर तेवढ्याच जागेत सुमारे ८ टक्के कमी हवा मावते. आमच्या नागपूर-वर्ध्याच्या, इटारसीच्या, गुत्तीच्या उन्हाळ्यात ४५ अंश ही बातमी नसते. उन्हाळ्यात डिझेलचा खप वाढला म्हणून मेमो काढणाऱ्यांनी आधी सूर्याला चार्जशीट द्यावी!

चित्र नेहमीचेच आहे. इंजिन शेड्यूलला येते. ट्रॅफिककडून फोनवर फोन, इंजिन कधी सोडता? स्टोअरमध्ये फिल्टर नाही. इंडेंट गेलेला आहे, माल आलेला नाही. मग जुनाच फिल्टर झाडून बसवला जातो. कागदी फिल्टर आपटला, त्यावर कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत मारला, की त्याला बारीक चीर पडते. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून धूळ जाते. ही धूळ म्हणजे वाळूचे कण. लाइनर आणि पिस्टन रिंग यांच्यामध्ये ते शिरले की पॉलिश पेपरसारखे घासतात. मग ब्लो-बाय वाढतो, तेल जळू लागते, आणि ओव्हरहॉल वेळेआधी येतो. फिल्टरचे पैसे वाचवले आणि लाइनरचे घालवले! याला काटकसर म्हणायचे असेल तर दिवाळखोरी कशाला म्हणायचे?

आणि हे सारे झाल्यावर ज्या लोको पायलटने ते इंजिन लाइनवर ओढले, त्याच्याकडेच खुलासा मागायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

हवेत तेल शिरले तर

हवेकडे दुर्लक्ष केल्याने फक्त डिझेल जात नाही, माणूसही जाऊ शकतो. टर्बोचे ऑइल सील निकामी झाले आणि वंगणाचे तेल हवेच्या वाटेने सिलिंडरात शिरले, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच चालू लागते. मग रॅक मागे घ्या, पंप बंद करा, डिझेलचा एक थेंबही जाऊ देऊ नका, इंजिन थांबत नाही. उलट वेग वाढतच जातो आणि शेवटी त्याचे तुकडे होतात. याला इंजिन पळणे म्हणतात. डिझेलच्या हवेवर झडप नसते, त्याची ही किंमत. अशा वेळी हवा तोडणे हाच खरा उपाय. हवेच्या तोंडावर बसणारी आपत्कालीन झडप, किंवा मजबूत पत्रा, किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे हवेच्या तोंडात मारणे. हात किंवा चिंधी तोंडावर धरण्याचा मोह कोणीही करू नये, इंजिन ती आत ओढून घेते. आणि जमत नसेल तर सरळ दूर पळावे. इंजिन पुन्हा बनते, माणूस बनत नाही.

किती शेडमध्ये, किती वर्कशॉपमध्ये हे कामगाराला शिकवले गेले आहे? ज्याला शिकवले नाही त्याने अशा वेळी काय करावे अशी अपेक्षा आहे?

तीच हवा आपल्या छातीत जाते

बंधूंनो, इंजिनाला न मिळालेल्या हवेची काजळी शेवटी कुठे जाते? छपराखाली लोड बॉक्सवर इंजिन घेतले जाते तेव्हा शेजारच्या पिटमध्ये काम करणाऱ्या खलाशाच्या छातीत. मेल मोटरच्या गाड्या पहाटे एकदम सुरू होतात तेव्हा थैल्या चढवणाऱ्याच्या छातीत. बोगद्यात काम करणाऱ्या गँगमनच्या छातीत. कोकण रेल्वेवर विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, कारबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून डिझेल इंजिने धावली. त्या बोगद्यात इंजिन आणि माणूस एकाच हवेवर जगत होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. या निर्णयामागे ज्यांच्यावरचे अभ्यास होते, त्यांत अमेरिकेतले खाणकामगार आणि रेल्वे कामगार होते. म्हणजे ही गोष्ट जगाला कळली तीच आपल्यासारख्यांच्या फुप्फुसांवरून. तेव्हा धूर हा नुसत्या इंधन बचतीचा विषय आहे असे जे म्हणतात, त्यांनी एक आठवडा लोड बॉक्सशेजारी टेबल टाकून बसावे आणि मग बोलावे.

‘आता डिझेल राहिलेच कुठे?’

यावर एक तयार उत्तर मिळते. ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले, डिझेल इंजिने भंगारात चालली, डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सचे नावही २०२० मध्ये बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले. आता हवेचे रडगाणे कशाला?

आम्ही विद्युतीकरणाच्या विरोधात नाही. धुरातून सुटका होत असेल तर पहिले स्वागत आम्हीच करू. पण डिझेल खरोखर संपले आहे काय? अपघात झाला, तार तुटली, की मदतीला जाणारी क्रेन कशावर चालते? डिझेलवर. तुटलेली तार जोडायला जाणारी टॉवर वॅगन? डिझेलवर. रुळांची गिट्टी दाबणारी टॅम्पिंग मशीन? डिझेलवर. वीज गेल्यावर चालणारे जनरेटर? डिझेलवर. आणि टपालाच्या थैल्या आणणाऱ्या-नेणाऱ्या गाड्यांत आजही डिझेल आहेच. उलट जे यंत्र कमी झाले, ते आता संकटाच्या वेळीच आठवते. जिथे ‘हे तर जाणारच आहे’ म्हणून सुटे भाग मागवायचे नाहीत, माणसे दुसरीकडे हलवायची, आणि अपघाताच्या रात्री क्रेन सुरू झाली नाही तर ऑपरेटरला निलंबित करायचे, तिथे हा कारभार कोणाच्या जिवावर चालला आहे हे उघड आहे. जोवर एक इंजिन चालते आहे, तोवर त्याला श्वास द्यावा लागेल.

नव्या गाड्या आणि नवी पळवाट

मेल मोटरच्या बांधवांपुढे तर नवाच प्रश्न आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले. या डिझेल गाड्यांत हवेचे नियमन पूर्वीसारखे राहिले नाही. आता डिझेल इंजिनाच्या वाटेवरही झडप आली आहे. ती ताकद ठरवत नाही, तर जळून गेलेल्या धुराचा काही भाग पुन्हा आत घेण्यासाठी आणि काजळीचा फिल्टर तापवून जाळून साफ करण्यासाठी हवा कमी-जास्त करते. आत जाणारी हवा मोजायला सेन्सर आहे. त्या सेन्सरवर धूळ बसली, पाइपाला चीर पडली, की कॉम्प्युटर चुकीचा हिशेब करतो, दिवा पेटतो आणि गाडीची ताकद काढून घेतली जाते.

हे यंत्र चांगले आहे. धूर कमी करते. आमची तक्रार यंत्राविरुद्ध नाही. तक्रार ही की गाडी नवी येते पण तिचा दोष वाचणारे स्कॅनर वर्कशॉपमध्ये येत नाही, प्रशिक्षण येत नाही. मग म्हणायचे, तुमच्या मेकॅनिकला जमत नाही, गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. दोन वर्षांनी म्हणायचे, वर्कशॉपला कामच नाही, पदे रद्द करा. चार वर्षांनी म्हणायचे, गाड्याच भाड्याने घ्या. ज्या मेकॅनिकने वीस वर्षे कानाने ऐकून टर्बोचा दोष ओळखला, त्याला स्कॅनर शिकायला आठवडा पुरे आहे. त्याला तो आठवडा न देणे ही त्याची अकार्यक्षमता नव्हे. हा त्याच्या पोटावर मारण्याचा बेत आहे.

आपल्याही घरात पाहू

टीका करताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे, नाहीतर आपल्या बोलण्याला वजन राहत नाही. नॉच एकदम ओढल्याने धूर वाढतो हे खरे आहे. कुशल लोको पायलट टर्बोला वेळ देत नॉच घेतो, आणि आपल्यातले बहुसंख्य तसेच करतात. जे करत नाहीत त्यांना ज्येष्ठांनी सांगितले पाहिजे. गाडी ओढत नाही म्हणून फिल्टरच काढून चालवणे हा गुन्हाच आहे, त्याने आजचा ट्रिप निघतो आणि उद्याचे इंजिन मरते. फिल्टर न बदलता ‘बदलला’ म्हणून रजिस्टरवर सही करणे हे तर स्वतःच्या हाताने स्वतःची चार्जशीट लिहिणे आहे. माल मिळाला नसेल तर ‘माल मिळाला नाही’ असेच लिहा, तारीख घाला, सही करा, नक्कल आपल्याकडे ठेवा. खरी नोंद हीच कामगाराची ढाल आहे.

आणि मोजमाप आपणही करू शकतो. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा, त्यात पाणी भरा, एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपाला जोडा आणि दुसरे उघडे ठेवा. इंजिन ठरावीक वेगावर असताना दोन बाजूंच्या पाण्यात किती मिलिमीटर फरक पडतो ते लिहून ठेवा. फिल्टर नवा असताना एकदा, मग दर शेड्यूलला एकदा. फरक वाढत गेला की फिल्टर चोंदतो आहे. काही रुपयांची नळी जे सांगते ते साहेबांच्या दहा परिपत्रकांत सापडणार नाही.

आमच्या मागण्या

१. डिझेलच्या खपाबद्दल वा धुराबद्दल कोणत्याही कामगारावर कारवाई करण्यापूर्वी त्या इंजिनाची हवेची बाजू, म्हणजे फिल्टर, टर्बो, आफ्टरकूलर, गॅस्केट यांची संयुक्त तपासणी करावी, आणि तीत संघटनेचा प्रतिनिधी असावा.

२. फिल्टर बदलण्याचा निर्णय स्टोअरच्या शिल्लक मालावर किंवा वर्षअखेरच्या बजेटावर न ठेवता मोजलेल्या ओढीवर ठेवावा. बूस्टर एअर प्रेशरची आणि फिल्टरच्या ओढीची नोंद डिझेलच्या नोंदीशेजारी त्याच रजिस्टरमध्ये व्हावी.

३. छपराखाली इंजिन चालवण्याच्या जागी धूर बाहेर खेचणारी व्यवस्था करावी आणि तिथे काम करणाऱ्यांची दरवर्षी छातीची तपासणी करावी.

४. इंजिन पळाल्यास हवा तोडण्याचे साधन आणि त्याचे प्रात्यक्षिक प्रत्येक शेडमध्ये व वर्कशॉपमध्ये द्यावे.

५. मेल मोटरच्या वर्कशॉपला नव्या गाड्यांचे स्कॅनर व प्रशिक्षण द्यावे. प्रशिक्षणाआधी काम बाहेर देऊ नये.

यातली एकही मागणी पगारवाढीची नाही. सगळ्या मागण्या मान्य केल्या तर डिझेल वाचेल, इंजिने टिकतील, धूर कमी होईल. म्हणजे ज्या गोष्टींसाठी साहेब मेमो काढतात, त्याच गोष्टी होतील. तरीही त्या मान्य होत नसतील, तर मेमो डिझेलसाठी निघत नव्हते, कामगाराला वाकवण्यासाठी निघत होते, असाच अर्थ आम्हाला घ्यावा लागेल.

प्रत्येक शाखेने हा विषय पुढच्या पीएनएममध्ये आणि टपालाच्या बाजूला संयुक्त सल्लागार यंत्रणेत मांडावा. मांडताना भाषणाबरोबर आकडे न्यावेत. कोणत्या तारखेला फिल्टर मागितला, कोणत्या तारखेला मिळाला, त्या काळात किती मेमो निघाले. हे तीन रकाने भरले की बाकीचे बोलायची गरज उरणार नाही.

इंजिनाला हवा द्या. मग डिझेलचा हिशेब आम्ही छाती पुढे काढून देऊ.

कामगार एकजुटीचा विजय असो!